उभ्या विटांचं घर

"अगं, विटा उभ्या लावतोय तो!"

काकू भिंतीपाशी आल्या की नमस्कार-चमत्कार नाही, थेट मजकूर. आमच्या दोन घरांमधली ही कंपाउंडची भिंत जेमतेम छातीएवढी. ती उंच करायचं दोन्ही घरचे पुरुष दर दिवाळीला ठरवतात आणि दोन्ही घरच्या बायका ते दर दिवाळीला हाणून पाडतात.

"कोण तो?"

"कोण काय! अण्णांचा धाकटा. सकाळी फुलं आणायला म्हणून त्या अंगाला गेले, तर गवंडी कपाळाला हात लावून बसलेला. म्हणाला, मावशी, हयात गेली भिंती बांधण्यात, पण असलं सोंग पाहिलं नाही. वीट आडवी निजवायची सोडून कुशीवर उभी करायची आणि मधे पोकळी सोडायची. ही भिंत म्हणायची का कबुतरांचं खुराडं?"

मला यातलं बरंचसं ठाऊक होतं. बँकेतून निवृत्त झाले तरी आळीतल्या प्रत्येक कर्जाचा कागद अजून माझ्या ओट्यावरून जातो. धाकट्याच्या घराचा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरून पाहिला होता.

"काकू, त्याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. विटा चौथाईने कमी लागतात, आणि मधल्या पोकळीत हवा कोंडून राहते, त्यामुळे बाहेरचं ऊन आत झिरपायला वेळ लागतो. केरळात लॉरी बेकर नावाचे एक इंग्रज वास्तुविशारद होते, त्यांनी अशा भिंतींची कितीतरी घरं उठवली."

"इंग्रजाला केरळात काय काम?"

"१९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांची बांधकामं करायला हिंदुस्थानात आले आणि इथलेच झाले. पद्मश्रीसुद्धा मिळाली त्यांना. ते सांगायचे की घराला लागणारा माल पाच मैलांच्या आतला असावा, असं गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं."

"पाच मैल!" काकूंनी बोटं मोडली. "म्हणजे कोपरगावचंसुद्धा चालायचं नाही."

"धाकट्याने वीट जवळच्या भट्टीची घेतली. आणि लाकूड तर घरचंच आहे, जुन्या धाब्याचं."

इथे काकूंचा चेहरा बदलला. येवल्याच्या आमच्या आळीत एकेकाळी सगळी धाब्याचीच घरं होती. अण्णांचं शेवटचं. ते गेल्या वर्षी उतरवलं तेव्हा काकू पदर तोंडाला लावून बघत उभ्या होत्या, आणि उतरवणाऱ्या माणसांना 'हळू रे, हळू' म्हणत होत्या, जसं काही घर त्यांचंच होतं.

"सागाच्या तुळया होत्या बाई त्या," काकू म्हणाल्या. "वर किलचण, त्यावर निंबाचा पाला, आणि मग वीतभर खारी माती. मे महिन्यात बाहेर आग ओतत असायची आणि आत माणूस दुपारी पांघरूण शोधायचं. पण मृगाच्या आधी वर मातीचा थर द्यायला विसरलात, की मग पावसाळाभर घरात पातेली मांडा. एक इथे टपकतंय, एक तिथे. आणि मागावर थेंब पडला तर? अर्धी विणलेली पैठणी मागावर. सासरे रात्र रात्र मागावर गोणपाट धरून उभे राहायचे."

"म्हणून तर तुम्ही स्लॅब घातलात."

"आम्ही नाही, आमच्या थोरल्याने. सगळ्यांनी घातला, त्यानेही घातला. गळायचं थांबलं, ते खरं. पण उन्हाळ्यात ती खोली तापते म्हणजे काय तापते! चाळीसच्या वर गेलं की रेशमाचा धागा कोरडा पडून तुटतो. सांधा, तुटला, पुन्हा सांधा. थोरला दुपारचा माग बंद ठेवून पहाटे चारला बसायला लागला. पंखा लावावा तर वाऱ्याने ताणा हलतो. कूलर लावला तर वीजबिल बघून त्यालाच घाम फुटला."

म्हणजे छप्पर बदललं आणि त्या छपराने घरातल्या माणसाची कामाची वेळ बदलली. हे तेव्हा कुणी नकाशात लिहिलं नव्हतं. घर पक्कं झालं याचा आनंद एवढा होता की त्या घरात काय चालतं, हे विचारायचं राहून गेलं.

"आणि आता हा शहाणा," काकूंनी भिंतीवर कोपर टेकलं, "पुण्याहून नोकरी सोडून आलाय आणि नव्या घरात पुढच्या दालनात खड्डा खणतोय. खड्डा! आमच्या सासऱ्यांच्या पिढीने खड्ड्यात पाय सोडून आयुष्य काढलं. पावसाळ्यात त्यात पाणी यायचं, ते वाटीने उपसायचं आणि मग ओल्या मातीत पाय घालून बसायचं. आता बहुतेकांनी जमिनीवरचे फ्रेमचे माग घेतलेत, आणि हा निघाला उलटा."

"तसं नाही काकू. खड्ड्याजवळ गारवा असतो, जमिनीची ओल ताण्याला मिळते, धागा कमी तुटतो. हे तुम्हीच सांगता ना? त्याने फक्त त्यात पाणी येऊ नये म्हणून जोतं उचललंय, खड्डा विटेने बांधून आतून चुन्याने गिलावा करतोय. आणि एकच माग खड्ड्याचा आहे. दुसरा फ्रेमचाच ठेवतोय."

"दोन माग?"

"एक अण्णांचा, एक त्याचा."

काकू दोन क्षण गप्प. ही बातमी त्यांच्याकडे नव्हती, आणि माझ्याकडे होती, हे त्यांना लागलं. त्यांनी लगेच परतफेड केली.

"बरं, मग ते कौलांचं तुला माहितीये का? स्लॅबमध्ये कौलं घालतायत! वर नाही गं, स्लॅबच्या पोटात. पडक्या शाळेची मंगळुरी कौलं आणलीत ट्रॅक्टर भरून. मी विचारलं, आता ही कुठे चढवणार? तर म्हणे, कॉंक्रीटच्या आत."

तेही माझ्याकडे होतं, पण मी तोंड उघडलं नाही. शेजारधर्म म्हणून काही गोष्टी दुसऱ्याला सांगू द्याव्या लागतात. काकूंनी मिस्त्रीकडून ऐकलेलं सगळं नीट सांगितलं: स्लॅबच्या खालच्या थरात कॉंक्रीटला फारसं काम नसतं, भार वरचा थर आणि सळई सांभाळते. मग तिथे सिमेंट कशाला कोंबायचं? कौलं ठेवायची. सिमेंट वाचतं, वजन उतरतं, सळई थोडी कमी लागते, आणि कौलाच्या पोकळीमुळे ताप कमी उतरतो. खालून बघितलं तर छताला कौलांची नक्षी. त्याला फिलर स्लॅब म्हणतात, हेही काकूंनी सांगितलं, 'फिल्लर' असं.

"आणि गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे," त्यांनी वर घातलं. "ऊन परत फेकायला. एवढं मात्र मला पटलं."

खिडक्यांचं मी सांगितलं. मागाच्या दालनाला मोठ्या खिडक्या उत्तरेला आहेत. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, मागावर उन्हाची तिरीप येत नाही. पैठणीतल्या मुनियाचा हिरवा आणि पोपटी यांत फरक करायचा तर सारखा उजेड हवा. उन्हाची पट्टी पडली की डोळ्याला एक दिसतं आणि दुकानात दुसरंच निघतं. रेशमाचा रंगही उन्हाने उतरतो. पश्चिमेला तर त्याने भिंतच ठेवलीये, तिकडे जिना आणि मोऱ्या. हे सगळं नव्या सुनेच्या मैत्रिणीने काढून दिलं, ती वास्तुविशारद आहे. पण दालनाची लांबी मात्र अण्णांनी टेप न लावता, माग डोळ्यांसमोर आणून, पावलांनी मोजून सांगितली आणि ती बरोबर निघाली.

"नव्या सुनेचं काय मग?" काकूंनी आवाज खाली आणला. आवाज खाली आला की समजावं, आता खऱ्या गप्पा सुरू. "ती तर मागाला हात लावत नाही म्हणे."

"ती पुण्यातल्या कंपनीचं काम करते. संगणकावर. इथूनच."

"ते माहितीये. सकाळी नऊला बसते नि इंग्रजीत बोलत सुटते. तिची सासू, माई, पहिल्या दिवशी घाबरून माझ्याकडे आली, म्हणाली, सून कुणाशी तरी भांडतेय. मी कान देऊन ऐकलं, तर हसत होती. मी म्हटलं, भांडत नाही, पगार घेतेय."

या घराची खरी गोम इथे आहे. एकाच छताखाली दोन कामं, आणि दोघांची भांडणं ठरलेली. माग चालला की खट-खट, धोट्याची एक आणि फणीची एक. तिकडे सुनेच्या मीटिंगमध्ये पुण्यातला साहेब विचारतो, तुमच्याकडे सुतारकाम चालू आहे का? जुन्या घरात ती कान दाबून बोलायची आणि अण्णा माग थांबवून बसायचे. दिवसाकाठी असे किती तास गेले त्याचा हिशेब अण्णांनी कधी बोलून दाखवला नाही, पण माईला वारंवार सांगितला.

नव्या घरात तिची खोली मागच्या अंगाला, मधे चौक. चौकाच्या एका बाजूला मागाचं दालन, समोर तिची खोली, दोन्हींच्या मधल्या बाजूला स्वयंपाकघर. तिच्या खोलीला जाड सागाचं दार, जुन्या घराचंच. आतून कडी लागणारं.

"आतून कडी!" काकूंना हेच बोचलं होतं. "दिवसाढवळ्या घरातल्या बाईला आतून कडी कशाला लागते?"

"काम करायला."

"आम्ही काय कडी लावून काम केलं?"

मी यावर काही बोलले नाही. काकूंच्या घरात कुठलंच दार आतून लागत नव्हतं, मोरीचं सोडून. मागाच्या खोलीत मूल रांगायचं, चुलीवरचं उतू जायचं, व्यापारी दारात यायचा, सासूबाई हाक मारायच्या, आणि या सगळ्याच्या मधे रहाटावर रेशमाच्या कांड्या भरायच्या. घरातच काम असलं की कामाला वेळ नसतो, म्हणजे काम संपायची वेळ नसते. माझ्या भाच्याने पुण्यात फ्लॅट घेतला, त्याच्या जाहिरातीत 'घरून कामासाठी सज्ज' असं छापलं होतं. बघायला गेले तर बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटाएवढी जागा आणि भिंतीला एक फळी. त्याच्यावर खिडकीतून पश्चिमेचं ऊन. भाचा दुपारी पडदे ओढून, दिवा लावून, एसी लावून काम करतो, आणि इमारतीच्या दारावर हिरव्या पानाचं चिन्ह आहे.

"विजेचं काय पण?" काकू व्यवहारावर आल्या. "घरात धंदा म्हटला की मीटर कमर्शियल. थोरल्याला सगळ्यांनी तीच भीती घातली होती."

इथे माझा अधिकार चालतो. मी घसा साफ केला.

"काकू, वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशातच लिहिलंय. राहत्या घराच्या एका भागात धंदा करत असाल, आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. वर्ष संपलं की तपासतात. हातमागाला वीज लागतेच किती? दिवे आणि पंखा. बिल वाढवतो तो फ्रिज आणि तुमचा तो कूलर."

"हे थोरल्याला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तो म्हणाला, आत्या, लफडं नको."

धाकट्याने लफड्याला न घाबरता गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल ठरवलेत. एका किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरा, म्हणजे बारा युनिट दिवसाचे, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते त्याच्या कर्जाच्या कागदात मी स्वतः पाहिलं. दुपारी जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तेवढी परत घेता येते, मीटर दोन्हीकडे मोजतं. पंखे कमी वीज खाणारे, बीएलडीसी, आणि मागाच्या वर एकही नाही. भिंत आणि छप्पर आधी नीट केलं म्हणून तीन किलोवॉटमध्ये भागतं. तापलेल्या स्लॅबवर पाच किलोवॉट बसवून खाली एसी लावणारी मंडळी मी बँकेत रांगेने पाहिली आहेत. त्यांचंही कर्ज मंजूर व्हायचं, तो भाग वेगळा.

"आणि संक्रांतीला?" काकूंनी विचारलं.

"संक्रांतीला काय?"

"अगं, पतंग! भोगी, संक्रांत, कर, तीन दिवस सगळं येवलं गच्चीवर. अण्णांच्या गच्चीवरून तर आळीतले सगळ्यात जास्त पतंग कटतात. तिथे ह्या काचा मांडल्यावर उभं कुठे राहणार? आणि मांजा अडकला तर कोण चढणार?"

हा प्रश्न नकाशा काढणाऱ्या मैत्रिणीला सुचला नव्हता, कारण ती पुण्याची. धाकट्याला सुचला. त्याने पॅनेल माणसाच्या डोक्यावरून जातील इतक्या उंच सांगाड्यावर घेतलेत, खाली सावली, आणि दक्षिणेची अर्धी गच्ची मोकळी सोडलीये. लोखंड जास्त लागलं. माझ्याशी बोलताना त्याने या खर्चाचं कारण 'पॅनेल धुवायला सोपं' असं सांगितलं, पण त्याची मांजाची आसारी जिन्याच्या कोनाड्यात आधीच येऊन बसलीये.

"पाण्याचं सांगू का?" मी म्हटलं.

"सांग. पण माझं नळाचं पाणी यायची वेळ झालीये, लवकर सांग."

येवल्यात पाण्याची गोष्ट लवकर सांगून होत नाही. आमच्याकडे पाऊस तो केवढा! पाचशे मिलिमीटर धरला तरी हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला शेहेचाळीस हजार लिटर पडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढाच हिशेब. उडालेलं, पहिल्या पावसाचं धुवून सोडून दिलेलं वजा जाता पस्तीस हजार तरी हाती लागतं. त्यातलं वीस हजार चौकाखालच्या टाकीत, वाळू-खडी-कोळशातून गाळून. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला रोज पन्नास लिटर धरले तर ते वर्षाला पुरतं. उरलेलं शोषखड्ड्यात.

"वर्षभर?" काकूंचा हात नळाच्या दिशेने गेलेला, तो तिथेच राहिला.

"वर्षभर. टॅंकर नको."

"थोरल्याला सांगते." मग जरा थांबून, "नको. धाकट्याची टाकी एक उन्हाळा टिकते का ते बघू आधी."

काकूंचं हे बरोबर आहे. नवीन घर पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळंच चांगलं असतं. टाकीला तडा गेला, गच्चीवर पारव्यांनी घाण केली, पोकळ भिंतीत नळाची पाइप फुटली तर काय, हे गवंड्याचे प्रश्न मला फालतू वाटत नाहीत. उभ्या विटेच्या भिंतीत खिळा ठोकताना सांभाळावं लागतं. विजेच्या नळ्या कुठून जाणार ते आधीच ठरवावं लागतं, नंतर कुठेही खाच पाडली की झालं. धाकटा रोज साइटवर उभा राहतो म्हणून जमतंय. ज्याला साइटवर उभं राहायला वेळ नाही, त्याने हे करू नये असं माझं मत आहे, आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

काम आणि बिऱ्हाड एकत्र असलेली घरं मी मुंबईतही पाहिलीत. सायनला माझा भाऊ राहतो. त्याच्याकडे गेले की मी धारावीच्या कुंभारवाड्यातून चक्कर मारते. सौराष्ट्रातून आलेले कुंभार ते, पिढ्यान् पिढ्या तिथे. पुढे चाक, मागे बिऱ्हाड, आणि घरांच्या ओळींच्या मधे सामाईक भट्ट्या. आता सगळ्या धारावीचं पुनर्वसन व्हायचं म्हणतात. तिथल्या एका म्हातारीला मी विचारलं, फ्लॅट मिळणार म्हणून आनंद आहे ना? तर म्हणाली, सातव्या मजल्यावर चाक नेऊ, माती पण नेऊ, भट्टी कुठे लावू? धूर होतो, त्रास होतो, हे तिलाही कबूल होतं. पण बिऱ्हाड वेगळं आणि भट्टी वेगळी झाली की मडकं भाजायला कोण बसणार, दिवसातून कितीदा जिना उतरणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. हे मी काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "मग माग तरी पहिल्या मजल्यावर कुठे जातो? खड्डा खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यात निघायचा."

नळाला पाणी आलं. काकूंनी हंडा लावला आणि परत आल्या. म्हणजे मुख्य विषय अजून राहिलाच होता.

"माईचं ऐकलंस?"

"काय ऐकायचं?"

"म्हणजे ऐकलं नाहीस!" काकूंच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान दिसलं. "तुझ्याकडे कागद येतात, पण माणसं माझ्याकडे येतात, लक्षात ठेव."

झालं होतं असं. धाकट्याने ठरवलंय की व्यापाऱ्याच्या मजुरीवर विणायचं नाही, घरीच विकायचं. शिर्डीहून परतणाऱ्या गाड्या येवल्यात थांबतात, लोकांना माग बघायचा असतो. दालनाचं एक दार म्हणूनच रस्त्यावर उघडतंय. आलेल्या माणसाला घरात न घेता माग दाखवता येतो, आणि बायकांना अंगणात मोकळं वावरता येतं. आता स्वतः विकायचं म्हणजे किंमत काढायला हवी. सुनेने एका रात्री संगणकावर तक्ता मांडला. एका पैठणीला रेशीम किती, बंगळुरूहून आलेलं. जर किती, सुरतेची. अण्णांचे दिवस किती, धाकट्याचे किती. घर एकच असल्यामुळे विजेचाही वाटा धरला. सौर असली तरी पॅनेलचे पैसे फिटायचेत, म्हणून युनिटला अमुक. अण्णांना ते फार आवडलं. ते म्हणाले, बरोबर आहे, दिवासुद्धा धरला पाहिजे.

मग तिने विचारलं, "कांड्या भरायचे किती धरू?"

अण्णा म्हणाले, "ते नाही धरायचं. ते घरचंच आहे."

सून म्हणाली, "वीजही घरचीच आहे की. ती धरलीत."

काकूंनी हे वाक्य दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सुनेच्या आवाजात.

"मग?"

"मग काय! अण्णा उठून बाहेर गेले. धाकटा हसला, त्याला माईने झापलं. आणि माई सुनेशी बोलेना. म्हणे, माझ्या घरात मला मजूर केलंस? घरच्या कामाचे पैसे घ्यायचे, म्हणजे उद्या चहाचे पण घ्यायचे? सून शांतपणे म्हणाली, चहा विकायचा नाहीये आई. साडी विकायचीये."

पेपरात मी वाचलं होतं, चौथ्या हातमाग गणनेत, २०१९-२० मध्ये, देशातले हातमागावरचे कामगार ३५ लाखांच्या वर निघाले आणि त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका. ते वाचताना मला वाटलं होतं, यांतल्या किती जणींनी गणना करणाऱ्याला स्वतःहून सांगितलं असेल की मी काम करते? दार उघडून 'हे बाहेर गेलेत' म्हणायची सवय असलेल्या बायका आम्ही.

"आणि अजून एक," काकू म्हणाल्या. "नकाशात कांड्या भरायला जागाच नव्हती. माग होता, विक्रीचं दार होतं, संगणकाची खोली होती. माईने आजपर्यंत रहाट ठेवला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, जाता-येता ओलांडायचा. तक्त्यात कांड्यांची ओळ आली, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की नकाशात ती ओळ नाही. तिने मैत्रिणीला फोन केला. आता चौकाच्या बाजूला उत्तरेच्या उजेडात पाच फुटांचा कट्टा येतोय. बसायला, पाय लांब करून. त्याच्यासाठी सामानाच्या खोलीची भिंत आत सरकवली. गवंड्याने पुन्हा कपाळाला हात लावला."

"आणि माई?"

"तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. विचारत होती, पोस्टात ठेवले तर बरे का बँकेत. म्हणून मी म्हटलं, बँकेचं शेजारीण सांगेल."

म्हणजे माई माझ्याकडे यायच्या आधी काकूंकडे गेली. हे मी मनात लिहून ठेवलं.

"पाठवा की तिला. ज्येष्ठ नागरिक आहे, मुदत ठेवीला अर्धा टक्का जास्त मिळेल."

हंडा भरून वाहायला लागला होता. काकूंनी तिथूनच सुनेला हाक मारली, नळ बंद कर म्हणून, आणि स्वतः भिंत सोडली नाही.

"एक विचारू का तुला?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे माग अजून चालतो. थोरला विणतो, कांड्या मी भरते. त्याच्या आधी त्याच्या बापाच्या मागाच्या भरल्या. त्याच्या आधी सासऱ्यांच्या. मी या घरात आले ती एकाहत्तर साली."

"बरं."

"माईचा कांडीचा दर सुनेने ठरवलाय, तो मला कळलाय. तोच धरायचा. तेव्हा भाव कमी होते म्हण, तर कमी धर मागचे. पण राहिलेल्या पैशावर तुमची बँक व्याज लावते ना?"

"लावते."

"कर्ज थकवलं की लावते, मग मजुरी थकवली की लागायला नको?"

"काकू, कुणाकडून वसूल करणार? काका नाहीत, सासरे नाहीत."

"थोरला आहे. स्लॅबचं घर त्यालाच मिळालंय. तू आकडा काढ. मला पैसे नकोत, मला तो आकडा कागदावर हवाय, शिक्क्यासारखा. आणि थोरल्याच्या मागाच्या खोलीला उत्तरेची खिडकी नाही, ती पाडून हवीय, आणि खिडकीखाली कट्टा. आकडा दाखवला की पाडेल."

मी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "सरळव्याज लावू का चक्रवाढ?"

"चक्रवाढ," काकू म्हणाल्या. "तिमाही."